विमानात रुमाल कसा टाकावा

एसटीत जागा धरायची तर खिडकीतून रुमाल आत टाकायचा, हे महाराष्ट्रात कोणाला शिकवावे लागत नाही. रुमाल नसला तर टोपी, टोपी नसली तर दप्तर, अगदीच वेळ आली तर धाकटे भावंड. विमानाची खिडकी उघडत नाही, आणि एवढ्या एका कारणाने ही पिढीजात विद्या वाया गेली आहे. परिणामी, गावच्या स्टँडवर अख्ख्या वऱ्हाडाची सोय लावणारे भलेभले गृहस्थ लोहगाव विमानतळावर हातात चार बोर्डिंग पास घेऊन ‘४ बी, ११ ई, १९ ई, २८ बी’ असे पुटपुटत उभे दिसतात. चार माणसे, चार रांगा, चारही खुर्च्या मधल्या.

ही मार्गदर्शिका त्यांच्यासाठी आहे. ध्येय माफक आहे: आपल्या माणसांच्या शेजारी बसणे. घरी सोफ्यावर हे फुकट जमते, म्हणून ते सोपे वाटते. तसे ते नाही. सरावासाठी एक नमुना कुटुंब घेऊ. आई, बाबा, आजी, तेरा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी. महिना मे. पुणे ते दिल्ली, तिथे विमान बदलून दिल्ली ते श्रीनगर. पट्टे बांधा.

१. आधी गणित करा

आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात बहुतेकदा भेटते ते एअरबस ए-३२० जातीचे विमान. इकडे तीन खुर्च्या, मध्ये वाट, तिकडे तीन खुर्च्या. अशा तीस रांगा धरल्या तर १८० खुर्च्या, आणि त्यांतल्या ६० मधल्या. हा आकडा लक्षात ठेवा, तुमचे भविष्य त्यात आहे.

या विमानाचे पहिले उड्डाण १९८७ मध्ये झाले. आपल्या भिंतींवर तेव्हा ‘हम दो, हमारे दो’ रंगवलेले होते. तीनच्या बाकावर ‘हम दो, हमारे दो’ मावत नाही. ‘हमारा एक’ मावतो. म्हणजे कुटुंबनियोजनात आपण किती उदार होतो, हे कळायला विमानात बसावे लागले. नमुना कुटुंबात आजीही आहे, तेव्हा नियोजनाचा प्रश्न आपण तिथेच सोडून देऊ.

आता पैसे. पसंतीच्या खुर्चीचे शुल्क माणशी असते, आणि दर विमानाला वेगळे असते. पाच माणसे, जाताना दोन विमाने, येताना दोन. झाल्या वीस खुर्च्या. खुर्चीमागे सरासरी ४०० रुपये धरा (खिडकीवाल्यांनी आणि पाय लांब असलेल्यांनी जास्त धरा). झाले ८,००० रुपये. यात जेवण नाही आणि श्रीनगरही नाही.

‘पण खुर्ची तिकिटातच आली ना?’ असे नवशिके इथे हमखास विचारतात. आली आहे. कोणती, एवढेच आलेले नाही.

२. नियम वाचा आणि त्यात आपली माणसे मोजा

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना बजावले की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या किमान एका पालकाजवळ बसवावे, आणि तशी नोंदही ठेवावी. चांगला नियम आहे. मुले एकीकडे आणि आईबाप दुसरीकडे, अशा तक्रारी झाल्या म्हणून तो आला. आता तो नमुना कुटुंबाला लावून पाहू.

मुलगी सात वर्षांची. तिला एक पालक मिळेल. समजा आई. छान. दुसरा पालक म्हणजे बाबा, ही चैनीची वस्तू झाली. हवी असल्यास पैसे मोजून घ्यावी. मुलगा तेरा वर्षांचा, म्हणजे तो वयात आला. घरी त्याला अजून टॉवेल कुठे आहे ते सांगावे लागते, पण दहा हजार मीटर उंचीवर तो स्वयंपूर्ण नागरिक आहे. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिची बारावी कधीच उलटली.

यातून निघणारा व्यावहारिक सल्ला असा: मुलाचा वाढदिवस मेमध्ये असेल तर काश्मीर एप्रिलमध्ये उरकून घ्या. आणि सगळ्यांची तिकिटे एकाच पीएनआरवर काढा. ‘माझ्या कार्डावर तीन काढतो, तुझ्यावर दोन काढू, सूट मिळते’ असे म्हणून दीडशे रुपये वाचवणाऱ्या बाबांना संगणक परके समजतो. त्यात संगणकाची चूक नाही.

नवविवाहितांसाठी असा कोणताही नियम माझ्या पाहण्यात नाही. त्यांनी खर्च करावा. लग्नाला पस्तीस वर्षे झालेल्या जोडप्यांनी मात्र संगणकाच्या निवडीत ढवळाढवळ करू नये. दोन तासांची शांतता कंपनी इथे विनामूल्य देत आहे.

३. संकेतस्थळावर नजर स्थिर ठेवा

तारीख, नावे, वय, सगळे भरून झाले की पडद्यावर विमानाचा नकाशा उघडतो. खुर्च्या रंगीत असतात. प्रत्येक रंगाला एक किंमत. करड्या खुर्च्या गेलेल्या. पहिल्या नजरेला असे वाटते की यातली एक निवडल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. तसे वाटावे, यासाठी शिकलेसवरलेले लोक नोकरीला ठेवलेले असतात; त्यांचा मान राखा.

वस्तुस्थिती वेगळी आहे. डीजीसीएच्या २०२१ च्या परिपत्रकाने पसंतीची खुर्ची, जेवण, सामान अशा गोष्टींचे वेगळे पैसे घ्यायला कंपन्यांना मोकळीक दिली, पण ग्राहकाने स्वतः मागितले तरच, अशा अटीवर. म्हणजे ‘नको’ म्हणायची सोय असायला हवी. ती असते. पडद्याच्या एका कोपऱ्यात, फिकट अक्षरांत, पांढऱ्यावर जवळपास पांढरी. आजीचा चष्मा आणा.

ती सापडून तुम्ही दाबली की एक चौकट उघडते. नक्की का? कुटुंबापासून दूर बसावे लागेल बरे का! इथे बोट थरथरते. हे स्वाभाविक आहे, लाजू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या अशा तेरा क्लृप्त्यांची यादीच जाहीर केली. त्यात ग्राहकाला लाजवून होकार काढायची क्लृप्ती आहे, आणि तिचे उदाहरण चक्क विमानतिकिटाचे दिले आहे: विमा नाकारायचा तर ‘मी असुरक्षितच राहीन’ या अर्थाच्या वाक्यावर बोट ठेवावे लागते. बंदी आहे. तुम्हाला तशी चौकट दिसली तर समजा की ती बंदीच्या आधी छापलेली असेल.

४. कंपनीची बाजू समजून घ्या

हा धडा पुष्कळजण गाळतात, म्हणून आवर्जून देतो. कंपनीचे म्हणणे असे की तिकीट स्वस्त ठेवायचे तर ज्याला जे हवे त्याचे पैसे त्याने द्यावेत. पाठीवर सॅक टाकून एकट्याने फिरणाऱ्या पोराला कुठेही बसवा, त्याला फरक पडत नाही. त्याने दुसऱ्याच्या खिडकीचे पैसे का भरावेत? हे मला अगदी मान्य आहे. खिडकी ही हौस आहे. पाय पसरायला जास्तीची जागा ही हौस आहे. पुढच्या रांगेत बसून आधी उतरणे, आणि मग पट्ट्यापाशी उभे राहून सगळ्यांबरोबरच बॅगेची वाट पाहणे, ही तर फारच मोठी हौस आहे.

पण शेजारी बसण्यात कंपनी नेमके विकते काय? १८ डी आणि १८ ई या खुर्च्या कारखान्यातूनच शेजारी शेजारी बसवून आल्या आहेत. त्यांना शेजारी ठेवायला इंधन लागत नाही. आई आणि लेक तिथे बसल्या काय किंवा दोन अनोळखी माणसे बसली काय, विमानाला सारखेच. विकायला आहे ती फक्त धास्ती. तिचे उत्पादन घरोघरी होते, कच्चा माल आईबाप स्वतः आणतात आणि ती साठवायला गोदाम लागत नाही. असा धंदा टाटा-बिर्लांनाही सुचला नव्हता.

धंदा चांगला चालतो. अमेरिकेच्या सिनेटच्या एका उपसमितीने नोव्हेंबर २०२४ मध्ये अहवाल काढला, त्यात तिकडच्या पाच विमान कंपन्यांनी २०१८ ते २०२३ या काळात नुसत्या खुर्च्यांच्या शुल्कातून १२.४ अब्ज डॉलर मिळवल्याचे म्हटले आहे. यात दोन वर्षे कोविडची होती, तेव्हा लोक शेजारी बसायलाच घाबरत होते.

५. छातीठोकपणे काहीही न निवडता थांबा

धाडसी विद्यार्थ्यांसाठी. पैसे भरू नका, वेब चेक-इनच्या वेळी संगणक देईल ती खुर्ची घ्या. ही खुर्ची मोफत असते. बहुतेक कंपन्यांचे वेब चेक-इन ४८ तास आधी उघडते. गजर लावा. ४८ तास आधी म्हणजे सकाळी पाच दहाच्या विमानासाठी दोन दिवस आधीची सकाळी पाच दहा. लग्नाच्या मुहूर्ताला आपण इतके काटेकोर नसतो, पण तिथे मंगलाष्टके लांबवता येतात.

संगणक खुर्ची कशी निवडतो, याविषयी अनेक प्रवाद आहेत. बीबीसीच्या ‘वॉचडॉग’ या कार्यक्रमाने २०१७ मध्ये रायनएअरच्या चार विमानांत चार-चार जणांचे गट पाठवले. सोळाच्या सोळा जणांना मधल्या खुर्च्या मिळाल्या. ऑक्सफर्डच्या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी हिशेब मांडला, तेव्हा निव्वळ योगायोगाने असे होण्याची शक्यता ५४ कोटींत एक अशी निघाली. कंपनीने सांगितले की आमची पद्धत बदललेली नाही. यावर अविश्वास दाखवायचे कारण नाही. पद्धत बदललेली नसेलच.

खुलासा तसा सरळ आहे. खिडकीच्या आणि वाटेकडच्या खुर्च्या आधी विकल्या जातात किंवा विकायला राखून ठेवल्या जातात; उरतात त्या मधल्या. आणि विमानाच्या रचनेत दोन मधल्या खुर्च्या एकमेकींना चिकटून येतच नाहीत. म्हणून मोफत कुटुंब हे विखुरलेलेच असते. कोणी मुद्दाम काही करत नाही. नुसते ‘जे आहे ते आहे’ म्हणत राहिले तरी पुरते.

६. तान्हे बाळ असल्यास

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला वेगळी खुर्ची लागत नाही, ते मांडीवर बसते. तेवढी एकच जागा कंपनी तुम्हाला स्वतः निवडू देते. जुळी असतील तर मात्र आई आणि बाबा एका बाकावर बसू शकत नाहीत: तीन खुर्च्यांवर साधारणपणे चार प्राणवायूचे मुखवटे असतात, म्हणजे बाकामागे एकच जादा. हे कारण खरे आहे आणि सुरक्षेचे आहे. या मार्गदर्शिकेतले ते असे एकमेव कारण, म्हणून वेगळा धडा दिला.

७. आणीबाणीच्या दरवाजाजवळ रिकामी रांग दिसली तर

हुरळू नका. तिथे मुले, आजी आणि गरोदर स्त्रिया चालत नाहीत. बाबा एकटे चालतील. बाबांना हे सांगू नका.

८. काउंटरवर लवकर जा आणि नम्र राहा

‘लवकर’ म्हणजे काउंटरवरच्या मुलीने अजून चहा घेतलेला नसेल इतक्या लवकर. काही खुर्च्या विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या हातात असतात, आणि त्या मुलीच्या मनात आले तर तुमचे कुटुंब तीस सेकंदांत एका रांगेत येते. फुकट. दोन दिवस संगणकाला अशक्य वाटत होते ते ती तीन कळा दाबून करते, यावर आश्चर्य व्यक्त करू नका. तिला तिची नोकरी प्रिय आहे.

आजीला पुढे उभे करा. मुलीला दमलेले दिसायला सांगा. मुलाला मागे ठेवा, त्याच्या चेहऱ्यावरून कोणाला दया येणार नाही. ‘आम्ही कंझ्युमर कोर्टात जाऊ’ हे वाक्य पुण्याहून निघणाऱ्या विमानासाठी वापरू नये, ते तिथे सकाळपासून सातव्यांदा ऐकलेले असते.

नाहीच जमले तर निदान बोर्डिंग पास छापून घ्या. काउंटरवर पास देण्याचेही जादा पैसे घेतले जात होते. जुलै २०२२ मध्ये मंत्रालयाने ते बंद करायला सांगितले. त्यामुळे तुमच्या फाटाफुटीचा लेखी पुरावा आता तुम्हाला मोफत मिळतो.

९. अदलाबदल करा

आता खरी परीक्षा. तुम्ही आत आला आहात. आई आणि मुलगी ११ ई, ११ एफ. बाबा ४ बी. मुलगा २८ बी. आजी १९ ई, दोन लॅपटॉपवाल्यांच्या मध्ये. वाट अडलेली, मागे दीडशे माणसे, आणि हवाई सुंदरी ‘कृपया आपापल्या जागी बसा’ म्हणते आहे. घाबरू नका. क्रमाने चला.

सौदा बरोबरीचा हवा. वाटेकडची देऊन वाटेकडची मागा. २८ बी देऊन ४ ए मागणे याला विनंती म्हणत नाहीत, दरोडा म्हणतात. सुरुवात ‘जरा अ‍ॅडजस्ट कराल का?’ अशी करावी. हे वाक्य भारतातल्या सगळ्या भाषांत एकसारखे आहे. उत्तर ‘मी या सीटचे साडेचारशे रुपये भरलेत’ असे आले तर तिथेच थांबा. तो माणूस बरोबर आहे. त्याने शहाण्यासारखी खुर्ची निवडली, पैसे भरले, आणि आता अख्ख्या विमानात खलनायक म्हणून तोच एकटा बसला आहे. तुमची ताटातूट ज्याने केली तो या विमानात नाही, म्हणून तुम्ही याच्याकडे रागाने बघता आणि हा खिडकीबाहेर बघतो. चौघे त्याला मनात नावे ठेवतात. साडेचारशे रुपयांत त्याला हेही मिळाले, नकाशावर ते लिहिलेले नव्हते.

कानात हेडफोन असलेला मुलगा शोधा. तो उठेल. तो नेहमी उठतो. त्याच्या उठण्याने ४ बी सुटते, मग कोणीतरी सरकते, कोणाची तरी बॅग वरच्या कप्प्यात मागे राहते, आणि पाचव्या अदलाबदलीनंतर आपण मुळात कुठे होतो हे कोणालाच आठवत नाही. हे सगळे काम प्रवासी करतात, उभ्याने, विनामोबदला. कंपनीने विस्कटलेली रांग लावायला कंपनीचा एक रुपया खर्च होत नाही.

आजीचे काय? आजीला हलवू नका. आजी हे तुमचे अस्त्र आहे. तिला फक्त एवढेच सांगा की शेजारचे दोघेही एकटे प्रवास करत आहेत. विमान धावपट्टीवर वळेपर्यंत तिला दोघांची आडनावे आणि मूळ गावे कळलेली असतील, ढगांत शिरेपर्यंत लग्न का झाले नाही ते, आणि मग पर्समधून डिंकाचा लाडू निघेल. शास्त्रानुसार यापुढे लॅपटॉपवाल्याने स्वतः उठून ‘तुम्ही इथे बसता का?’ असे विचारायला हवे.

प्रत्यक्षात तसे होत नाही, ही या पद्धतीची उणीव. डावीकडचा तिचा पट्टा लावून देतो. उजवीकडचा तिला पाणी मागवून देतो, कान दुखायला लागल्यावर गोळी चघळायला देतो, आणि लॅपटॉप मिटून नागपूरच्या चुलत्याची गोष्ट दिल्लीपर्यंत ऐकतो. उतरल्यावर आजी म्हणते, तुमच्यापेक्षा तीच पोरे बरी. या सेवेसाठी कंपनीकडे अजून शुल्क नाही. हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचवू नका.

१०. पैसे भरूनही गाफील राहू नका

खुर्च्या विकत घेतल्या, सगळे एका ठिकाणी, ३३ आणि ३४ रांग. अभिनंदन. आता आयत्या वेळी विमान बदलेल. मोठ्या ए-३२१ ऐवजी ए-३२० येईल, आणि त्यात ३४ वी रांगच नसेल. छोट्या मार्गावर एटीआर आले तर आणखी मौज: तिथे दोन-दोनचे बाक, म्हणजे मधली खुर्चीच नाही, आणि तुमच्या ‘ई’ या अक्षराला काही अर्थच उरत नाही. पैसे परत मिळतात का? अर्ज करा. अर्जात पीएनआर, खुर्ची, शुल्क आणि आपल्या भावना लिहायच्या असतात. भावनांसाठी अडीचशे अक्षरांची मर्यादा असते.

तुम्ही स्वतः तिकीट रद्द केले तर खुर्चीचे पैसे बहुधा जातात. वापरली नाही हे खरे, पण पसंत केली होती ना?

११. परतीची तयारी श्रीनगरला पोहोचताच करा

चार दिवसांचा मुक्काम असेल तर परतीचे वेब चेक-इन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडेल, बहुधा तुम्ही गुलमर्गच्या गोंडोलाच्या रांगेत असताना. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांतले प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालते. तेव्हा घरात पोस्टपेड कोणाकडे आहे ते निघण्यापूर्वी पाहा. कोणाकडेच नसेल तर पुण्यात मागे राहिलेल्या मेव्हण्याला पीएनआर, सगळ्यांची वये आणि आडनावाचे तिकिटावरचे स्पेलिंग लिहून द्या, गजर लावून द्या, आणि आजीची खुर्ची त्या दोन पोरांच्या मध्येच मिळते का ते बघायला सांगा. तिने त्यांच्या परतीच्या तारखा विचारून ठेवल्या आहेत.